बदकी यंदा गळली नाही

१

बदकी सापडली ती सरळ उभी. खाडीच्या तोंडाशी वाळूत पोट टेकून बसलेली, काठोकाठ पाण्याने भरलेली, डोलकाठीवर शीड अर्धं गुंडाळलेलं. ओहोटीला जाळी काढायला गेलेल्या माणसांना लांबून वाटलं, कुणी हौशी माणूस नांगर टाकून आत झोपलाय. त्यांनी हाका मारल्या. जवळ जाऊन पाहिलं तर होडीत माणूस नव्हता. माणूस दुसऱ्या दिवशी खडकांच्या पलीकडे मिळाला.

माणूस म्हणजे कप्तान. ते कुठल्या जहाजाचे कप्तान नव्हते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पण सुट्टी लागली की बायकोला घेऊन शिडाच्या होडीत बसायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने, या खाडीतून त्या खाडीत, संध्याकाळी वाळूला लागायचं, सकाळी पुन्हा शीड वर, असा त्यांचा छंद. पोरांनी वर्गात ठेवलेलं नाव पुढे बायकोच्याही तोंडी बसलं. होडीचं नावही असंच पडलेलं. पुढून फुगीर, मागून बसकी, चालताना डुलायची, म्हणून बदकी.

एके काळी धक्क्यावर अशा पन्नासेक होड्या असतील. वाऱ्याचा आवाज बदलला की घराघरातून माणसं बाहेर डोकावायची. आता सगळीकडे इंजिनांची फटफट, आणि शिडाच्या होड्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक कमी झाली.

कप्तानांची बायको, जिला सगळे धाकटी म्हणत, रडत नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, हेच जास्त लागलं. लहानपणी कोंबडीचं पिल्लू मेलं तर हीच धाकटी दोन दिवस जेवली नव्हती. आता कोरड्या डोळ्यांनी उभी राहून आल्यागेल्यांचे कप विसळत होती.

"सर बाजूला, मी विसळते," ताई म्हणाली.

बेसिनच्या कडेचा जुना तडा धाकटीने बुजवला होता. आत बोट फिरवलं की तिथे जेमतेम एक पन्हळ लागायची, चमच्याच्या पाठीने गुळगुळीत केलेली. मोडलेलं काही तिला बघवायचंच नाही. फुटकी बशी असो, फाटकं पुस्तक असो, नाहीतर एकमेकांशी न बोलणारे शेजारी, सांधल्याशिवाय तिला झोप येत नसे.

"मिस्त्रीने मारलं यांना," धाकटी म्हणाली. "तळाची फळी उघडलीय. सगळ्यांनी पाहिली. दोन वर्षांपूर्वी खिळे त्यानेच बदलले होते."

"तुझी खात्री आहे?"

"खात्री तू करून दे. नोकरीभर परक्यांच्या बुडालेल्या होड्यांच्या चौकशा केल्यास, आता घरची कर. शुक्रवारी बंदर कचेरीत सुनावणी आहे. त्याचा परवाना जाऊ दे, कारखाना बंद होऊ दे. पुन्हा कुणाच्या होडीला त्याचा हात लागायला नको."

"आणि दोष त्याचा नसला तर?"

"तर ज्याचा असेल त्याचं नाव मला सांग. कुणीही असो. लपवायचं नाही. शपथ घे, ताई."

ताईने शपथ घेतली. चौकशी करणाऱ्याने आधी शपथ घेऊ नये हे तिने कचेरीतल्या नव्या पोरांना कितीदा शिकवलं होतं. पण ती पोरं धाकटीची थोरली बहीण नव्हती.

२

बदकी ओढून कप्तानांच्याच शेडमध्ये आणून ठेवली होती. ताईचे गुडघे कुरकुरले, तरी ती खाली वाकली, मग सरळ जमिनीवरच बसली.

खडकावर आपटलेली होडी तिने शेकड्यांनी पाहिली होती. तिचा रंग खरवडलेला असतो आणि फळी आत गेलेली असते. बदकीच्या पोटावर एक ओरखडा नव्हता, आणि तळाची फळी बाहेर उचकटली होती, जशी आतून कुणी लाथ मारावी. ताईने आत डोकावून पाहिलं. होडीच्या लाकडी बरगड्या तडकल्या होत्या, पण फक्त उघडलेल्या फळीपाशी नाही. पार पुढपर्यंत, एकीमागून एक.

तेवढ्यात दारात सावली पडली. मिस्त्री. उंच माणूस, पण दोन आठवड्यांत खांदे पाडून चालायला लागला होता.

"लोक म्हणतात तुम्ही मलाच पकडायला बसलाय," तो म्हणाला. "म्हटलं, आपणच जाऊ. तुमचे गुडघे वाचतील."

"खिळे बघा इकडे," ताई म्हणाली. "तांब्याचे आहेत, जाड आहेत. हे बघूनही तुम्ही गप्प का? बंदर कचेरीच्या साहेबासमोर एक अक्षर बोलला नाहीत."

मिस्त्रीने एक खिळा बोटांनी चाचपून पाहिला.

"होडी बुडायच्या तीन दिवस आधी कप्तान तुमच्यावर ओरडत होते. अख्ख्या धक्क्याने ऐकलं."

"ओरडत होते."

"कशासाठी?"

"होडी वर घे म्हणाले. आत्ताच्या आत्ता. होड्या वर ओढायच्या माझ्या उतरणीवर मासेमारीची मोठी बोट, तिचं इंजिन काढून ठेवलेलं. हलवू कुठे? मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा. तर म्हणाले, पंधरा दिवस नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाले, कारण विचारू नकोस, तुझ्या पाया पडतो." त्याने बदकीच्या कडेवर हात ठेवला. "बाई, मास्तर होते ते माझे. मला वर्गाबाहेर उभं करायचे. आणि पाया पडतो म्हणाले."

"हे साहेबाला सांगा की!"

"काय सांगू? मास्तर हात जोडत होते आणि मी होडी वर घेतली नाही, हे? खिळ्यांच्या दोषातून सुटेन. याच्यातून सुटेन का?"

ताईने विषय बदलला. "फळ्यांच्या फटी यंदा तुम्ही भरल्या?"

"दोन वर्षांपूर्वी भरल्या होत्या. सूत ठोकून, वर मऊ पुट्टी. यंदा मी फक्त होडी पाण्यात ढकलायला आलो. शेडमध्ये रंग देऊन तयारच होती."

कप्तानांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं, मग लेकीकडे मुक्काम. दोन वर्षं होडी कोरड्यात राहिली. कोरड्यात लाकूड आकसतं, फटी रुंद होतात. म्हणून लाकडी होडी पाण्यात सोडली की आधी गळते. मग फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना भिडतात आणि गळती आपोआप थांबते. ताईला लहानपणचे ते दिवस आठवले. हंगामाच्या सुरुवातीला सगळा धक्का गळायचा. बायका डबे घेऊन होड्यांत बसायच्या, पाणी उपसत उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. कुणाचं काय चाललंय विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही गं, होडी पाणी पितेय, आम्ही गावाची बातमी पितोय."

"सूत मऊ असतं," ताई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "फळी फुगली की ते दबतं."

"दबायलाच हवं. नाहीतर फुगलेलं लाकूड जाणार कुठे?"

बोलता बोलता मिस्त्रीने सवयीने खिशातली पटाशी काढून एका सांध्यावरचा रंग खरवडला. पटाशी कर्रकन वाजली. त्याने पुन्हा जोर लावला. पटाशीची धार दुमडली.

दोघंही पुढे सरकली. रंगाखाली सूत नव्हतं, मऊ पुट्टीही नव्हती. फटीत दगडासारखं करडं काहीतरी ठासून भरलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक फटीत.

"बाई," मिस्त्री म्हणाला. "हे माझं काम नाही. आईशप्पथ, हे मी केलेलं नाही."

३

म्हणजे कुणीतरी फटींत जणू दगडच भरले होते. फळ्या फुगल्या, त्यांना जागा मिळाली नाही. लाकडाच्या फुगण्यात केवढा जोर असतो हे धक्क्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बरगड्या मोडल्या, खिळे सुटले, आणि लाटांत एक फळी उचकटली. मारायचाच बेत असेल तर याहून बिनबोभाट बेत नव्हता. होडी दिसायला नवीकोरी, आणि आतल्या आत मोडत असलेली.

बदकीचा अर्धा मालक चष्मेवाला होता. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान. कप्तानांचा वर्गमित्र, आणि शेवटच्या दिवसांत त्यांच्याशी न बोलणारा.

"आलात?" तो काउंटरमागून म्हणाला. "बसा. संशयितांत माझा नंबर कितवा?"

"ते तुमच्या उत्तरांवर आहे."

"बायको म्हणते पहिला. कप्तान गेला की होडी पुरी माझी होणार होती ना. आता घ्या, मिळाली. फळ्यांचा ढीग." त्याने समोरचा चष्मा उगाचच पुसला. "विचारा."

"भांडण कशावरून झालं?"

"मला कळलं असतं तर ते भांडण म्हणता आलं असतं. होडी पाण्यात सोडून आठवडा झाला असेल. आम्ही दोघं तिच्यातच बसून चहा पीत होतो. मी म्हटलं, कप्तान, नवल बघ, बदकी यंदा गळली नाही. एक थेंब नाही. दोन वर्षं कोरड्यात होती आणि एक थेंब नाही! तोही हसला. म्हणाला, म्हातारपणी तिला लाज आली असेल. आणि तेवढ्यात खालून 'टक्' असा आवाज झाला."

"कसला?"

"जाड काटकी मोडावी तसा. कप्तानने कप खाली ठेवला. पायाखालची फळी उचलली, आत अंगठा फिरवत राहिला. बराच वेळ. मग फळी जागच्या जागी ठेवली आणि मला म्हणाला, उतर."

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं, झालं काय? म्हणाला, आजपासून तू या होडीत पाय ठेवायचा नाही. पन्नास वर्षांची मैत्री हो! मीही तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, अर्धी होडी माझी आहे. तर म्हणाला, तुझी अर्धी तुला दुरुस्त करून देईन, पण आत्ता उतर." चष्मेवाल्याने चष्मा काउंटरवर ठेवला. "मला वाटलं, म्हातारपणी माणूस चिडखोर होतो. मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी तो एकटा गेला."

"फटीत काय आहे, कुणी भरलंय, काही बोलले?"

"नाही. पण एक सांगतो. भडकलेला माणूस मी ओळखतो. तो भडकला नव्हता. डोळे भरून आले होते त्याचे. मला वाटलं वाऱ्याने."

ताई उठली. दारात पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "मिस्त्रीला सोडवा, ताई. चोर सोडून संन्याशाला फाशी नको. पण चोर मिळाला तर आधी मला सांगा. चार शब्द ऐकवायचेत त्याला."

४

आता धाकटीचा जावई तेवढा विचारायचा राहिला होता. सासऱ्याने म्हातारपणी समुद्रात जाऊ नये, होडी विकावी, असं तो चारचौघांत बोलायचा. शिवाय शेडची किल्ली त्याच्याकडे असायची. ताईला खरं तर तो आवडायचा. म्हणूनच तिने त्याला मुद्दाम कडक आवाजात विचारलं.

"दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी कुठे मिळते रे?"

"दोन डब्यांतलं एकत्र कालवायचं, ती? हार्डवेअरच्या दुकानात. मीच आणली की हल्ली." तो सहज म्हणाला. "का? मावशी, तुमची मोरी गळतेय का?"

"कशासाठी आणलीस?"

"सासूबाईंनी सांगितलं. बेसिनला तडा गेला होता, मोरीही गळत होती. आधी दोन डबे नेले, मग आणखी मागवले, मग आणखी. मी म्हटलंसुद्धा, सासूबाई, मोरी आहे का तलाव? तर म्हणाल्या, चांभारचौकशा नकोत, सासऱ्यांना यातलं काही बोलू नकोस, गंमत आहे."

"गंमत?"

"तेव्हा ते अजून आमच्याकडेच होते ना, ऑपरेशननंतर. सासूबाई रंगकामाला म्हणून आधी परतल्या. दरवर्षी होडी त्याच रंगवतात." तो हसत होता, आणि हसता हसता ताईच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "मावशी, काय झालं? मी काही चुकीचं आणून दिलं का?"

"नाही," ताई म्हणाली. "तू काही चुकीचं आणलं नाहीस."

ती शेडकडे परत गेली. बसली. खरवडलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं. सपाट पटाशीने पुट्टी ओढली की सपाट राहते. इथे मधोमध जेमतेम एक पन्हळ होती, चमच्याच्या पाठीने काढलेली. प्रत्येक सांध्यावर तीच, बाहेरून आणि आतूनही. केवढं काम ते! उताणं पडून, होडीच्या पोटाखाली, या वयात. आणि एकही जागा सोडलेली नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. धाकटीने स्वतःच हात पुढे केला होता, आणि ताईने तो वाचला होता.

५

तरी एक गोष्ट बसत नव्हती. कप्तानांना होडी मोडतेय हे कळलं होतं, म्हणून तर त्यांनी मित्राला उतरवलं. मग ते स्वतः एकटे का गेले?

शेडच्या कोपऱ्यात उत्तराचा अर्धा भाग रचून ठेवला होता. बदकीच्या गाद्या, स्टोव्ह, पिण्याच्या पाण्याचा डबा, धाकटीची उन्हाची टोपी. सगळं नीट घडी करून. किनाऱ्याने सफरीला जाणारा माणूस पाणी काढून ठेवत नाही. होडी हलकी करायची असेल तरच काढतो. शीडही अर्धंच लावलेलं, लाकडावर ताण नको म्हणून. आणि सापडली कुठे? खाडीच्या तोंडाशी. नेहमीच्या वाटेच्या अगदी उलट दिशेला.

खाडीपलीकडे एकच गोष्ट होती. होड्यांचा दुसरा कारखाना. एक बाई चालवायची, वडिलांच्या मागे. ताईने तिला फोन लावला.

"हो, आले होते त्यांचे फोन," ती म्हणाली. "मी वाट बघत होते. आलेच नाहीत. मला वाटलं, बेत बदलला. मग बातमी वाचली. कुणी विचारायलाच आलं नाही, मी तरी काय करणार होते?"

"काय म्हणाले होते?"

"होडी आणतो म्हणाले, सांध्यांतलं सगळं खरवडून काढायचंय, मोडलेल्या बरगड्यांना जोड द्यायचाय, आणि वरचा रंग जसाच्या तसा दिसला पाहिजे. मी म्हटलं, पाण्यातून आणू नका, ट्रकवर घाला. तर म्हणाले, ट्रक आला की गल्लीभर कळेल. बायको लेकीकडे दोन दिवस जातेय, तेवढ्यात व्हायला हवं. परतली की आम्ही दोघं सफरीला निघणार आहोत."

"कुणी भरलं ते बोलले?"

"मी विचारलं होतं. कुठल्या गाढवाने हे केलं म्हणून. माझ्या तोंडून गेलं हो. तर म्हणाले, गाढवाने नाही, फार सुंदर काम केलंय. एवढं सुंदर की खरवडायला जिवावर येतंय."

ताईने फोन ठेवला. आता सगळं बसलं. मित्राचा अपमान, मिस्त्रीपुढे जोडलेले हात, उलटी दिशा, रिकामी होडी. एका माणसाने चार दिवस धडपड केली होती ती एवढ्यासाठी, की आपल्या बायकोला तिने काय केलं ते कळू नये. आणि त्याच बायकोने थोरल्या बहिणीला शपथ घालून ते शोधायला लावलं होतं.

न सांगावं, तर शुक्रवारी मिस्त्री जातो. सांगावं, तर धाकटी जाते. नोकरीत असताना ताई म्हणायची, खरं शोधून काढणं कठीण, पुढचं सोपं. असं म्हणायला तेव्हा काय जात होतं?

६

सुनावणीच्या आदल्या दुपारी ती धाकटीकडे गेली.

"तक्रार मागे घे," ती बसण्याआधीच म्हणाली. "खिळे चांगले आहेत. मिस्त्रीचा दोष नाही."

"मग कुणाचा?"

"कुणाचाच नाही. अपघात."

धाकटीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "ताई, आईचा आरसा मी फोडला हे तुला माहीत होतं, आणि तू म्हणायचीस मांजराने पाडला. तेव्हा असंच तोंड व्हायचं तुझं."

ताई खुर्ची ओढून बसली.

"चष्मेवाला आहे का?"

"नाही."

"आपला जावई? तो असला तरी सांग."

"नाही गं. त्या बिचाऱ्याला कशात ओढतेस?"

"मग राहिलं कोण? होडीपाशी दुसरं होतं कोण? शेडला कुलूप, किल्ल्या घरच्यांकडेच. रंग मी दिला, फटी मी..." ती थांबली. मग भराभर बोलायला लागली. "जुनं सूत उपसून फटी मी पक्क्या भरल्या होत्या. म्हणून तर मी म्हणतेय, पाणी खिळ्यांतूनच आलं असणार. बाकी कुठून येईल? एक थेंब येणार नाही अशा भरल्या होत्या मी. यांना उपसायला लागू नये, कंबर नवी आहे. घट्ट भरल्यावर गळत नाही ना, ताई?"

"गळत नाही."

"मग?"

शपथ नसती तरी आता मागे फिरायला वाट नव्हती. ताईने सांगितलं. लाकूड कसं फुगतं, सूत कसं दबतं, पुट्टी का दबत नाही. जितके कमी शब्द वापरता येतील तितके वापरले. धाकटी ऐकत होती, शाळेत फळ्याकडे बघावं तशी. एकदा मध्ये म्हणाली, "पण इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही." सांगितलं नव्हतंच. भरायचं काम मिस्त्रीचं, रंगाचं तिचं, अशी वाटणी होती. सूत मऊ का, हे तिला कुणी सांगावं असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"यांना कळलं होतं?" धाकटीने विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. ताईने तोंड उघडलं, आणि तिला जमलं नाही.

"हो. पलीकडच्या कारखान्यात नेत होते. तुला न कळता दुरुस्त करून आणणार होते."

बाहेर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं, त्याची सुंसुं तेवढी ऐकू येत होती.

"मला ओरडले का नाहीत?" ती म्हणाली. "जन्मभर जेवणात मीठ जास्त पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. इस्त्री नीट झाली नाही म्हणून ओरडले, कुलूप उलटं लावलं म्हणून ओरडले. मग याला का नाही ओरडले? एकदा ओरडायचं होतं ना, ताई. म्हणायचं होतं, मूर्ख बाई, काय करून ठेवलंस. मी रडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि हे आज इथे असते."

ताईने धाकटीचा हात धरला, तो धाकटीने धरू दिला, पण त्यात काही जीव नव्हता.

"उद्या मी बोलते," ताई म्हणाली. "तुझं नाव घेणार नाही. घरच्या कुणीतरी चुकून भरलं, एवढंच सांगते. साहेब माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आहे, तो खोलात जाणार नाही. तू येऊच नकोस."

धाकटी काहीच बोलली नाही. ते ताईने होकार म्हणून घेतलं. नोकरीत असती तर घेतलं नसतं.

७

बंदर कचेरीच्या खोलीत खुर्च्या कमी होत्या. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. चष्मेवाला आणि जावई एका बाकावर. ताईने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. साहेबाने चष्मा चढवला, मूळ तक्रार वाचून दाखवली, आणि ताई उठणार तेवढ्यात दार ढकलून धाकटी आत आली.

ती बसली नाही. सरळ टेबलापाशी गेली.

"होडीच्या फटी मी भरल्या," ती म्हणाली. "मिस्त्रीने नाही. घट्ट पुट्टीने भरल्या. म्हणून ती मोडली."

चष्मेवाल्याने मान वर केली. चोराला ऐकवायचे चार शब्द त्याच्याकडे तयार होते. त्यातला एकही बाहेर आला नाही.

"कुणाच्या सांगण्यावरून भरल्या?" साहेबाने विचारलं.

"कुणाच्या नाही. गळायची, म्हणून भरल्या."

"तुम्हाला परिणाम माहीत नव्हता."

"नव्हता."

"मग प्रश्न मिटला, बाई." साहेबाला सुटल्यासारखं वाटलं असावं. त्याने कागद पुढे सरकवला. "मिस्त्री मोकळे. हा अपघात. तुमची तक्रार मागे घेतली असं लिहितो, इथे सही करा."

"तक्रार मागे नाही घेत," धाकटी म्हणाली. "ती राहू दे तशीच. मिस्त्रीचं नाव आहे तिथे माझं घाला."

"असं करता येत नाही, बाई."

"का नाही येत? नवरा माझा होता. कुणामुळे गेला ते मी सांगतेय. मग लिहा की."

साहेबाने ताईकडे पाहिलं. बुडालेली होडी कशी बघायची, साक्षीदाराला कसं बोलतं करायचं, सगळं त्याला ताईनेच शिकवलं होतं. आता काय लिहायचं, हे तो डोळ्यांनी विचारत होता. ताईने नजर खाली वळवली.

मिस्त्री भिंतीपासून दोन पावलं पुढे आला, काहीतरी बोलायचं म्हणून, आणि काय ते न सुचून तिथेच थांबला.

"बसा, बाई," साहेब म्हणाला. "आधी बसा तर खऱ्या."

जावयाने उठून बाकावरची आपली जागा रिकामी केली. ताईने उठून धाकटीचं कोपर धरलं आणि हलकेच मागे ओढलं. एकदा, पुन्हा एकदा. धाकटी हलली नाही. टेबलावरच्या कागदावर बोट ठेवून ती उभीच राहिली. "इथे," ती म्हणत होती, "हे बघा, इथे लिहा."